शिवण चुकली आणि बोल रंगाला

त्रिमितीय मॉडेलवर रंग नीट चढत नाही म्हटलं की आपल्याकडच्या क्लासमध्ये एक ठरलेलं उत्तर मिळतं, "ब्रशची सेटिंग बदलून बघ." मग ब्रश बदलतो, सॉफ्टवेअर बदलतं, घरी भांडून ग्राफिक्स कार्डही बदललं जातं. रंग मात्र जिथे फाटत होता तिथेच फाटतो! मंडळी, मला विचाराल तर हे उत्तरच नव्हे. शिकवायचा कंटाळा आहे हा.

मुळात भानगड काय आहे ते बघा. मॉडेलवर रंगवतोय असं आपल्याला नुसतं वाटतं. रंग जातो एका सपाट, चौकोनी चित्रावर. मॉडेलची कातडी सोलून त्या चित्रावर पसरलेली असते, त्याला म्हणायचं यूव्ही. असं चित्र मॉडेलवर चढवायची कल्पना एड कॅटमलने १९७४ साली युटा विद्यापीठातल्या प्रबंधात मांडली. आणि गोल पृष्ठभाग विकृतीशिवाय सपाट होत नाही, हे गाउसच्या १८२७ सालच्या प्रमेयातूनच निघतं. कुठे कापायचं आणि कुठे ताण सोसायचा, एवढंच आपल्या हातात उरतं.

आपल्या गल्लीतला शिंपी हेच रोज करतो. बेतल्याशिवाय कापडाला कात्री लावत नाही, शिवण काखेखाली दडवतो, कडेला माया सोडतो. त्याच्याकडे शिकायला गेलात तर तो पहिल्या दिवशी बटणं लावायला नाही बसवणार. आमचे क्लास नेमकं तेच करतात.

आता नेहमीची दुखणी घ्या. डावा डोळा रंगवला की उजवीकडेही उमटतो? दोन तुकडे चित्रात एकमेकांवर पडलेत. विटांची नक्षी लांबुडकी दिसते? मॉडेल एकाच दिशेने ओढून मोठं केलंय आणि ते माप पक्कं न करता तसंच उलगडलंय. जोडावर बारीक रेघ दिसते? माया कमी पडली. ब्लेंडरमध्ये तिला ब्लीड म्हणतात. एखाद्या भागावर रंग लागतच नाही? बहुधा त्याची दिशा उलटी आहे. फेस ओरिएंटेशन लावा, उलटे भाग लाल दिसतील. अख्खं मॉडेल भडक गुलाबी झालं? चित्राची फाईल सापडत नाहीये. सांगा, यात ब्रशचा दोष कुठे आहे?

"रिझोल्यूशन वाढव" हा दुसरा रामबाण. १०२४ चं चित्र ४०९६ चं केलं की पिक्सेल सोळापट होतात आणि मशीन रडायला लागतं. चुकीची शिवण होती तिथेच राहते, फक्त जास्त स्पष्ट दिसते.

काही जण म्हणतील, आपोआप उलगडणारं बटण आहे की! आहे ना. पण ते मॉडेलचे ढीगभर तुकडे करतं, आणि जितके तुकडे तितके जोड. डिस्नेने २००८ साली यूव्हीशिवाय चालणारी पीटेक्स पद्धत आणली, तेही मान्य. पण गेमच्या धंद्यात आजही यूव्हीच मागतात आणि आपली बहुतेक पोरं तिथेच नोकरी शोधतात.

माझा राग तांत्रिक नाही. मध्यंतरी एक मुलगी तिचं मॉडेल घेऊन आली होती. वडिलांनी कर्ज काढून फी भरलेली. क्लासने तिला सांगितलं होतं, "तुझा हातच रंगाचा नाही." मी मॉडेलवर चौकड्यांचं चित्र चढवलं. गालावरचे चौकोन खिडकीएवढे, कानावरचे मुंगीएवढे! कपाळाच्या मधोमध शिवण. ती कानामागे नेली, तुकडे पुन्हा मांडले, आणि तिनेच पुन्हा रंगवलं. हात उत्तम होता हो तिचा. चौकड्यांची ही परीक्षा पाच मिनिटांची आहे, आणि वर्षभरात ती तिला कुणीही दाखवली नव्हती.

दर वर्षी अशी किती मुलं स्वतःला नालायक समजून ही वाट सोडत असतील? जो रंगाचा धडा उलगडण्याच्या आधी शिकवतो, तो पैसे घेऊन अर्धीच विद्या देतो, असं माझं स्पष्ट मत आहे. असो. फी भरण्याआधी एवढं जरूर विचारा, "पहिल्या महिन्यात मॉडेल उलगडायला शिकवता का?" समोरचा ब्रशबद्दल बोलायला लागला, तर पैसे खिशातच ठेवा.