विश्लेषण : विकतचा म्युझिक स्ट्रीमर की घरी जोडलेला?

गाण्यांना काहीही झाले नव्हते. वाय-फाय सुरू होते, ॲम्प्लिफायर आणि स्पीकर ठणठणीत होते. तरीही ९ मार्च २०२५ च्या सुमारास जगभरातल्या अनेक घरांतले ‘क्रोमकास्ट ऑडिओ’ अचानक मुके झाले. गूगलने २०१५ मध्ये आणलेली ही छोटी चकती जुन्या ॲम्प्लिफायरला जोडली, की मोबाइलवरून त्यावर गाणी लावता येतात. बिघाड यंत्रात नव्हता. यंत्राची ओळख पटवणाऱ्या एका डिजिटल प्रमाणपत्राची दहा वर्षांची मुदत संपली होती. गूगलने काही दिवसांत दुरुस्ती पाठवली. पण घाईघाईने ‘फॅक्टरी रीसेट’ करून बसलेल्यांना जास्त त्रास झाला. या चकतीचे उत्पादन तर २०१९ मध्येच थांबले होते.

पैसे मोजून घेतलेले, स्वतःच्या कपाटात ठेवलेले यंत्र वाजणार की नाही, हे दूरवरच्या एका तारखेने ठरावे, हे खटकणारे आहे. घरीच नेटवर्क स्ट्रीमर जोडण्याच्या छंदाकडे ‘स्वस्तातली मस्त हाय-फाय’ म्हणून पाहिले जाते. त्याचे खरे बळ मात्र वेगळे आहे. असा स्ट्रीमर उघडता येतो, दुरुस्त करता येतो आणि कंपनीने पाठ फिरवली तरी वाजत राहतो.

स्ट्रीमर म्हणजे नेमके काय?

कॉम्प्युटरमध्ये किंवा हार्ड डिस्कवर असलेली गाणी घरातल्या नेटवर्कवरून घेऊन ॲम्प्लिफायरपर्यंत पोहोचवणारा छोटा संगणक म्हणजे स्ट्रीमर. मोबाइल फक्त रिमोटचे काम करतो. ब्लूटूथपेक्षा ही व्यवस्था वेगळी आहे. ब्लूटूथवर गाणे दाबून, आकार कमी करून पाठवले जाते आणि फोन आला की गाणे थांबते. इथे मूळ फाइल जशीच्या तशी जाते. सीडीच्या दर्जाला सेकंदाला १४ लाख ११ हजार २०० बिट लागतात. घरातले साधे वाय-फायही तेवढे सहज पेलते.

जुने ‘स्क्वीझबॉक्स’ अजून का वाजतात?

या प्रकारातले सुरुवातीचे गाजलेले नाव म्हणजे ‘स्क्वीझबॉक्स’. स्लिम डिव्हायसेस या छोट्या अमेरिकी कंपनीने तो २००३ मध्ये आणला. २००६ मध्ये लॉजिटेकने ही कंपनी विकत घेतली, २०१२ मध्ये हे उत्पादन गुंडाळले आणि २०२४ मध्ये त्याची ऑनलाइन सेवाही बंद केली. नियमाप्रमाणे इथे गोष्ट संपायला हवी होती. पण गाणी पुरवणारा सर्व्हर प्रोग्राम पहिल्यापासून मुक्त स्रोत होता. तो आता ‘लिरियन म्युझिक सर्व्हर’ या नावाने स्वयंसेवक सांभाळतात आणि वीस वर्षे जुने डबे त्याच्या जोरावर आजही गातात. क्रोमकास्टचे प्रमाणपत्र बदलणे फक्त गूगलच्या हातात होते. इथे किल्ली कुणा एकाकडे नाही.

जोडायला काय लागते?

मुख्य भाग रास्पबेरी पाय हा पत्त्याच्या कॅटएवढा संगणक. गाणी वाजवायला सर्वांत नवे, महाग मॉडेल घेण्याची गरज नाही. ‘पाय ३’ किंवा त्याहून लहान ‘झिरो २ डब्ल्यू’ पुरेसा आहे. (झिरो घेताना पिना आधीच डाग दिलेले मॉडेल मागावे, नाहीतर चाळीस पिनांना सोल्डरिंग करत बसावे लागते.) मुंबईचा लॅमिंग्टन रोड किंवा पुण्याची तपकीर गल्ली ज्यांच्या पायाखालची आहे, त्यांना हे सांगायला नको.

दुसरा भाग डॅक, म्हणजे डिजिटल आकड्यांचे ॲनालॉग सिग्नलमध्ये रूपांतर करणारा. पायच्या काही मॉडेलवर हेडफोनचे भोक असते, पण त्याचा आवाज हाय-फाय म्हणण्याजोगा नाही. त्यामुळे पायच्या पिनांवर बसणारे डॅक बोर्ड किंवा बाहेरचा यूएसबी डॅक, असे दोन मार्ग उरतात. घरात चांगला यूएसबी डॅक आधीच असेल, तर दुसऱ्या मार्गाने जावे.

महाग आणि स्वस्त डॅक बोर्डांत फरक पडतो तो बहुधा घड्याळात. सीडीवरच्या गाण्याचे सेकंदाला ४४,१०० नमुने अगदी समान अंतराने बाहेर पडायला हवेत. तबलजीचा ठेका किंचित हलला की गायकाची बंदिश बरोबर असूनही कानाला खटकते, तसा हा प्रकार. पायच्या मूळ घड्याळातून ४४,१०० चा हिशेब सरळ बसत नाही, अपूर्णांकाने जुळवून घ्यावा लागतो. म्हणून बऱ्या बोर्डांवर स्वतःची दोन घड्याळे असतात. २२.५७९२ मेगाहर्ट्झचे ४४.१ किलोहर्ट्झच्या पटीतल्या गाण्यांसाठी आणि २४.५७६ मेगाहर्ट्झचे ४८ च्या पटीतल्या गाण्यांसाठी. दोन्ही आकडे बरोबर ५१२ पट आहेत. हा फरक मोजता येतो. डोळे झाकून ऐकताना तो किती जणांना ओळखता येईल, ही शंकाच आहे. स्पीकरची जागा हातभर सरकवली तर त्याहून मोठा फरक ऐकू येतो.

‘ऑडिओफाइल’ म्हणून विकल्या जाणाऱ्या महागड्या नेटवर्क केबलबद्दल मात्र शंकेलाही जागा नाही. नेटवर्कवरून येणारी फाइल तपासून घेतली जाते, चुकलेला तुकडा पुन्हा मागवला जातो आणि सगळे आधी मेमरीत साठते. डॅक आपल्या घड्याळाने तिथून उचलतो. केबल सोन्याची असली तरी आकडे तेच. ते पैसे स्पीकरवर घालवावेत.

गुणगुण कुठून येते?

सगळे जोडून झाल्यावर अनेकांना पहिल्यांदा ऐकू येते ती गुणगुण. संशयाची सुई डॅककडे वळते, पण दोषी बहुतेक वेळा दोन पिनांचा स्वस्त चार्जर किंवा घरातले अर्थिंग असते. चार्जर बदलून पाहावा, ॲम्प्लिफायर तीन पिनांच्या, अर्थिंग असलेल्या सॉकेटवर आहे ना ते तपासावे. तरीही गेली नाही, तर ऑप्टिकल जोडणी हा रामबाण उपाय, कारण त्यात तांब्याची तारच नसते.

वीज जाण्याची भीतीही खरी आहे. चालू असताना वीज गेली तर पायमधले एसडी कार्ड खराब होऊ शकते. जिथे दिवे वारंवार जातात तिथे ‘पायकोअरप्लेअर’ निवडणे शहाणपणाचे. ही प्रणाली सुरू होताना स्वतःला मेमरीत घेते आणि मग कार्डाला क्वचितच हात लावते. लिरियन सर्व्हरशी तिचे उत्तम जमते. ज्यांना कमीत कमी खटपट हवी त्यांच्यासाठी ‘व्होल्युमिओ’, ज्यांना प्रत्येक खिट्टी स्वतः पिळायची आहे त्यांच्यासाठी ‘मूड ऑडिओ’. तिन्ही फुकट मिळतात, व्होल्युमिओच्या काही सोयींना वर्गणी पडते.

खरी मेहनत कशात?

यंत्र एका सुटीच्या दिवशी उभे राहते. महिने जातात ते गाणी लावण्यात, विशेषतः घरात शास्त्रीय संगीताच्या सीडी असतील तर. सीडीवरून फ्लॅक फाइल काढताना प्रोग्राम इंटरनेटवरून नावे भरतो आणि तिथेच गोंधळ सुरू होतो. ‘भीमसेन जोशी’, ‘पं. भीमसेन जोशी’ आणि ‘पंडित भीमसेन जोशी’ हे सॉफ्टवेअरच्या लेखी तीन वेगळे गायक. रागाला रकानाच नाही, कारण हे सगळे तीन मिनिटांच्या गाण्यांच्या हिशेबाने रचलेले आहे. रागाचे नाव ‘ग्रुपिंग’च्या रकान्यात टाकावे, तबला आणि हार्मोनियमच्या साथीदारांची नावे ‘परफॉर्मर’मध्ये, आणि एकदा ठरवलेली पद्धत मोडू नये. देवनागरीत लिहिले तरी चालते. विलंबित आणि द्रुत वेगळ्या ट्रॅकवर असतील तर ‘गॅपलेस’ सुरू आहे ना, ते पाहावे. नाहीतर विलंबिताची शेवटची सम आणि द्रुतचा मुखडा यांच्यामध्ये नको तिथे शांतता पडते.

हे कंटाळवाणे काम कुठलीही कंपनी करून देणार नाही. आणि ते एकदा केले की त्यावर कुठल्याही कंपनीचा ताबा राहत नाही.

कुणी या वाटेला जाऊ नये?

ज्यांचे सगळे ऐकणे वर्गणीच्या ॲपवर चालते, त्यांनी तयार स्ट्रीमर घ्यावा. घरगुती स्ट्रीमरवर स्पॉटिफाय किंवा एअरप्ले चालते, पण त्यामागची जोडणी बहुतांशी स्वयंसेवकांनी बाहेरून उलगडलेली असते. ॲपवाल्यांनी काही बदलले की ती तुटते आणि पुन्हा जुळेपर्यंत थांबावे लागते. घरात तंत्रज्ञानाची आवड एकालाच असेल, तर तो गावाला गेल्यावर आजींना अभंग कोण लावून देणार, हाही प्रश्न आहे. त्यासाठी निदान एक आवडती यादी मोबाइलच्या पहिल्या पानावर ठेवून द्यावी.

ज्यांच्याकडे सीडी, स्वतः रेकॉर्ड केलेल्या मैफली किंवा वडिलांच्या कॅसेटवरून उतरवलेल्या फाइली आहेत, त्यांनी मात्र जरूर करून पाहावे. सगळे नीट वाजू लागले की लगेच पाय बंद करून त्या एसडी कार्डाची हुबेहूब प्रत दुसऱ्या कार्डावर काढावी, गाण्यांची प्रत वेगळ्या डिस्कवर घ्यावी आणि दोन्ही त्याच खोलीत न ठेवता दुसऱ्या घरी ठेवावीत.