शीड कोणाच्या मालकीचे?

मुंबईचा रॉयल बॉम्बे यॉट क्लब १८४६ सालचा. साहेब गेला, 'रॉयल' राहिले! असो, आमचा राग निराळा आहे. नंदुरबार जिल्ह्यात नौकाक्लब काढा म्हटले की शहाणी माणसे हसतात : "आदिवासी पोरांना शिडाची होडी कशाला?" अहो, सरदार सरोवराने या जिल्ह्यातली ३३ गावे बाधित केली. मणिबेलीच्या शेतांवर नर्मदा चढली, तेव्हा "यांना एवढे पाणी कशाला?" असे कोणी विचारले होते काय? काठावरच्या पाड्यांना दवाखान्याची वाटसुद्धा होडीचीच. दुष्काळी चांदवड तालुक्यातला दत्तू भोकनळ लष्करात वल्हवायला शिकला नि २०१६ साली रिओ ऑलिंपिकला पोहोचला. मग मणिबेलीच्या पोरीने नुसते काठावर बसावे? चार शिडाच्या होड्या, लाइफ जॅकेटे आणि एक शिकवणारा द्या, एवढेच मागणे आहे.