परवानगी आहे, शिकारी कुठे आहे?

भंडारा : धान निसवले की जिल्ह्यातील शेतकऱ्याची झोप उडते. कोका आणि उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यांलगतच्या गावांत रानडुकरांचे कळप रात्री बांध्यांत उतरतात. ते खातात थोडे आणि तुडवतात अधिक. धानामागून हरभऱ्याचीही तीच गत होते.

रानडुकराला मारताच येत नाही, हा समज पूर्णतः खरा नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या कलम ११ नुसार उभ्या पिकाला धोकादायक ठरलेल्या रानडुकराच्या शिकारीस परवानगी देता येते. रानडुक्कर आणि रोही यांच्याबाबत राज्य शासनाने २०१५ मध्ये ही प्रक्रिया सुलभही केली. २०१६ मध्ये शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात ५३ रानडुकरे मारली गेली, तेव्हा मेनका गांधी आणि प्रकाश जावडेकर या दोन केंद्रीय मंत्र्यांतच जाहीर वाद झडला. चर्चा मारावे की मारू नये, यावरच थांबली; व्यवहाराचा प्रश्न मात्र अनुत्तरित राहिला.

गोळी झाडणार कोण आणि कोठून, हा तो प्रश्न. अल्पभूधारकाकडे बंदूक नाही. बांधापलीकडची जमीन दुसऱ्याची. तिथे त्याचे उभे पीक असते आणि मचाणीवर त्याचा राखणदारही असतो. अंधारात सुटलेली गोळी शेताची हद्द जाणत नाही. पहाटे कळप अभयारण्यात परततो, तिथे विनापरवानगी शस्त्र घेऊन जाता येत नाही. मारलेले जनावर कलम ३९ नुसार शासनाची मालमत्ता ठरते. म्हणजे जोखीम, खर्च आणि कागदपत्रे शेतकऱ्याची. लाभ मात्र अनिश्चित.

अशा वेळी कुंपणात चोरून वीजप्रवाह सोडण्याचा घातक मार्ग निवडला जातो. चंद्रपूर जिल्ह्यातील नागभीड परिसरात २०१७ मध्ये 'श्रीनिवास' हा वाघ अशाच तारेला चिकटून मेला. ही तार डुक्कर, वाघ आणि माणूस यांत भेद करीत नाही.

केरळ शासनाने २०२२ मध्ये स्थानिक स्वराज्य संस्थांच्या प्रमुखांना रानडुक्कर मारण्याच्या परवानगीचे अधिकार दिले. बंदूक परवानाधारकाचीच हवी. विष, स्फोटके आणि वीजप्रवाह यांना मनाई, अशा अटी घातल्या. ही व्यवस्था जशीच्या तशी येथे लागू पडेल असे नाही. तथापि शिकार ही एकट्या शेतकऱ्याची नव्हे, तर गावाची आणि प्रशासनाची नियोजित कारवाई असावी, हा तिचा गाभा घेण्याजोगा आहे.

हंगामापूर्वी ग्रामसभेने उपद्रवाची शिवारे निश्चित करावीत, लगतच्या शेतमालकांची संमती घ्यावी, वनखात्याने प्रशिक्षित नेमबाज पुरवावेत आणि गोळीबाराची दिशा व वेळ दवंडीने गावाला कळवावी. मृत जनावराची विल्हेवाट त्याच रात्री वनकर्मचाऱ्यांनी लावावी. एवढे झाले तर परवानगीला अर्थ उरेल. अन्यथा ती फायलीत राहील आणि शिवारात तार.