मुक्या जिवांनाही वेळेवर डॉक्टर हवा

कुत्रा हा इमानी प्राणी आहे, असे आपण सगळेच निबंधात लिहितो. मांजर ही वाघाची मावशी आहे, असेही लिहितो. गुरुजी वहीवर 'छान' असा शेरा देतात. पण शाळा सुटल्यावर तोच कुत्रा रस्त्याने लंगडत जाताना दिसला तर आपण काय करतो? कोणी 'हाड हाड' करतो, कोणी खडा मारतो. बाकीचे नुसते बघत घरी जातात. निबंधातले प्रेम निबंधातच राहते. म्हणून मी आज या भित्तिपत्रकात माझे मत लिहीत आहे.

माझे मत असे आहे की, कुत्र्या-मांजरावर संकट आले तर काय करायचे आणि कुठे न्यायचे, हे गावाला आधीच ठाऊक पाहिजे. संकट आल्यावर विचारत बसले की वेळ जातो. वेळ गेला की जीव जातो.

आपल्या गावात बैल आजारी पडला किंवा म्हैस अडली तर सगळी आळी धावते. कोणी डॉक्टरला फोन करतो, कोणी कंदील नाहीतर बॅटरी घेऊन उभा राहतो. रात्रीचे बारा वाजले तरी डॉक्टर येतात. हे फार चांगले आहे. पण कुत्रे आजारी पडले तर म्हणतात, "आरं, कुत्रंच हाय ते. होईल आपोआप बरं." मांजराला तर कोणी विचारतच नाही. दूध देणाऱ्या जनावराला डॉक्टर आणि घर राखणाऱ्याला नाही, हा कुठला न्याय? मांजर कणगीतले धान्य उंदरांपासून वाचवते. कुत्रा रात्रभर खळे राखतो. त्यांचा पगार म्हणजे फक्त शिळी भाकरी.

मागच्या श्रावणात आमच्या मोत्याला गोठ्यामागे साप चावला. कुत्रा सापाला हुंगायला जातो, म्हणून त्याला बहुतेक वेळा तोंडावर नाहीतर पुढच्या पायावर चावतो. मोत्याचे तोंड एका बाजूने सुजले आणि तो कण्हू लागला. माणसे जमली. एकजण म्हणाला, लिंबाचा पाला चारा. एकजण म्हणाला, तूप पाजा. कोणी म्हणाले, ब्लेडने कापून रक्त काढा. कोणी शेजारच्या गावच्या मांत्रिकाचे नाव घेतले. कुत्र्याला कोणत्या दवाखान्यात न्यायचे हे मात्र कोणालाच सांगता येईना. आप्पांनी चार ठिकाणी फोन केले. तो रविवार होता. जवळचा दवाखाना बंद होता. शेवटी एका ओळखीच्या माणसाने मोठ्या गावातल्या डॉक्टरांचा पत्ता सांगितला. काकांनी मोत्याला पोत्यात घेऊन मांडीवर धरले आणि आप्पांनी मोटारसायकल पळवली.

त्या डॉक्टरांकडे सापाच्या विषावरचे औषध होते. त्यांनी सलाईन लावले, इंजेक्शन दिले. पण ते म्हणाले, "लवकर आला असता तर बरे झाले असते." मोत्या त्या रात्री गेला. मी नंतर हिशेब केला. रस्त्याला पाऊण तास लागला आणि गावात विचारपूस करण्यात सव्वा तास गेला. यात कोणाचा दोष नव्हता. सगळे मदतच करत होते. पण माहिती नव्हती. माहिती असती तर तो सव्वा तास वाचला असता.

आमचे आबा म्हणतात, "पोरी, हितं मानसाला डॉक्टर मिळंना, कुत्र्याला कुठनं आणू?" आबांचे म्हणणे खोटे नाही. पण मला वाटते, कुत्र्याचा दवाखाना हा माणसाचाही दवाखाना आहे. कसा ते सांगते.

पिसाळलेला कुत्रा चावला की रेबीज होतो. तो मांजरामुळेही होऊ शकतो. हा रोग एकदा अंगात दिसायला लागला की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. पण चावल्याबरोबर इंजेक्शने घेतली तर माणूस वाचतो. ही लस लुई पाश्चर या फ्रान्सच्या शास्त्रज्ञाने तयार केली. १८८५ सालच्या जुलै महिन्यात त्याने ती जोसेफ मायस्टर नावाच्या मुलाला पहिल्यांदा टोचली. जोसेफला पिसाळलेल्या कुत्र्याने पुष्कळ ठिकाणी चावले होते. तरी तो वाचला. तेव्हा तो फक्त ९ वर्षांचा होता, म्हणजे आपल्या तिसरी-चौथीतल्या मुलाएवढा.

आता यातली खरी गंमत अशी, की कुत्र्यालाच आधी लस टोचली तर रोग आपल्यापर्यंत येतच नाही. शंभरातल्या ७० कुत्र्यांना दरवर्षी लस दिली तर गावात रेबीज पसरायचा थांबतो. आपण गणित करू. गावात ५० कुत्री असतील तर ३५ कुत्र्यांना लस द्यावी लागेल. ३५ म्हणजे काही फार नव्हेत. एक दिवस सगळ्यांनी मनावर घेतले तर होऊन जाईल. २०३० सालापर्यंत कुत्र्यांपासून होणारा रेबीज देशातून घालवायचा, असे सरकारनेही ठरवले आहे. पिल्लू तीन महिन्यांचे झाले की त्याला पहिली लस देतात. पुढे डॉक्टर सांगतील तशी द्यायची.

मित्रमैत्रिणींनो, एक गोष्ट मात्र तुमच्यासाठी. कुत्रा किंवा मांजर चावले, नुसते ओरखडले, तरी जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवायची. तिखट, चुना, हळद काही भरायचे नाही. मग लगेच घरी सांगायचे आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात जायचे. डॉक्टर सांगतील तेवढी सगळी इंजेक्शने घ्यायची, मध्येच सोडायची नाहीत. पुष्कळ मुले घरी मार बसेल म्हणून सांगतच नाहीत. पालकांनो, म्हणून माझी विनंती आहे की चावल्याचे सांगायला आलेल्या मुलाला रागावू नका. आधी त्याचा हात धुवा.

आता ऋतूंप्रमाणे काय काळजी घ्यायची ते लिहिते. मोत्या गेल्यावर आप्पांनी त्या डॉक्टरांना पुष्कळ विचारले होते. ते मी वहीत उतरवून ठेवले आहे.

उन्हाळा : आपल्याला घाम येतो, म्हणून आपले अंग गार होते. कुत्र्याला घाम फक्त पायाच्या तळव्यांना येतो. ते जीभ बाहेर काढून धापा टाकते आणि तसेच गार होते. सकाळी झाडाखाली बांधलेल्या कुत्र्यावर दुपारी ऊन येते, कारण सावली सरकते आणि साखळी सरकत नाही! म्हणून दुपारी एकदा बघायला पाहिजे. कुत्रे खूप धापा टाकू लागले, लाळ गळू लागली, झोकांड्या खाऊ लागले तर त्याला ऊन लागले असे समजावे. त्याला सावलीत न्यावे, सगळे अंग साध्या पाण्याने भिजवावे आणि वारा घालावा. तोंडात जबरदस्तीने पाणी ओतू नये, ते छातीत जाते. अंग भिजवले की लगेच डॉक्टरकडे न्यावे. डांबरी रस्त्यावर तळहात ठेवून पाहावा. आपल्याला चटका बसला तर त्याच्याही पायाला बसतो.

पावसाळा : पावसाळ्यात साप बाहेर पडतात. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार विषारी सापांवर एकच औषध चालते. ते घोड्याच्या रक्तापासून बनवतात. म्हणजे बघा, एक मुके जनावर दुसऱ्याचा जीव वाचवते. साप चावलेल्या कुत्र्याला चालवू नये, उचलून न्यावे. कापू नये, आवळून बांधू नये. पावसाळ्यात गोचीडही फार होतात. गोचिडांमुळे कुत्र्याला ताप येतो, हिरड्या पांढऱ्या पडतात. पण बैलाच्या अंगावर मारायचे गोचिडाचे औषध आपल्या मनाने कुत्र्याला लावू नये. मांजराला तर मुळीच नाही. मांजर सारखे अंग चाटते, त्यामुळे अंगावरचे विष सरळ पोटात जाते. ओढ्याला पूर आला तर आपण उंचावर जाण्याआधी कुत्र्याची साखळी सोडावी. बांधलेल्या जनावराला पळता येत नाही.

दिवाळी : कुत्र्या-मांजरांना आपल्यापेक्षा कितीतरी बारीक आवाज ऐकू येतात. मग सुतळी बॉम्बचे त्यांना काय वाटत असेल? घाबरून ती रस्त्यावर धावतात आणि गाडीखाली सापडतात. म्हणून फटाके उडवताना त्यांना घरात एका कोपऱ्यात ठेवावे. शेपटीला लड बांधणे ही गंमत नाही. प्राण्यांना छळू नये यासाठी १९६० साली कायदा झाला आहे. पण कायदा नसता तरी ते वाईटच होते.

हिवाळा : थंडीत कुत्र्याची पिल्ले गारठतात. त्यांच्या खाली एक जुने पोते टाकले तरी पुरते. मांजर ऊब मिळावी म्हणून ट्रॅक्टरच्या गरम इंजिनाजवळ जाऊन बसते. चालू करण्याआधी बॉनेटवर दोन थापा माराव्यात. ऊसतोड सुरू झाली की बिबट्याची लपायची जागा जाते. तो वस्तीकडे येतो आणि बांधलेला कुत्रा त्याला आयता सापडतो. रात्री कुत्र्याला अंगणात बांधून ठेवण्यापेक्षा पडवीत दाराआड घ्यावे.

आणखी दोन गोष्टी बाराही महिने लक्षात ठेवायच्या आहेत. पहिली, माणसाची तापाची गोळी मांजराला देऊ नये. पॅरासिटामॉलच्या एका गोळीनेसुद्धा मांजर मरते. आमच्या पलीकडच्या आळीत एका मांजरीला अशी गोळी कोणी मायेने दिली होती. दुसऱ्या दिवशी ती गेली. माया असूनही असे होते, म्हणून माहिती पाहिजे. दुसरी, उंदराचे औषध किंवा फवारणीचे औषध पोटात गेले तर घरी उलटी करवू नये. औषधाची पुडी किंवा बाटली बरोबर घेऊन डॉक्टरकडे जावे. म्हणजे कोणते विष आहे ते त्यांना कळते. बोका सारखा लघवीला बसतो पण लघवी होत नाही, असे दिसले तर तेही मोठे संकट असते. 'उद्या बघू' म्हणायचे नाही.

जखमी जनावराला मुलांनी हात लावू नये. वेदना झाल्या की आपला स्वतःचा कुत्राही चावतो. मोठ्या माणसांना हाक मारावी. त्यांनी अंगावर जाड गोधडी टाकून, फळीवर किंवा घोंगडीत घालून न्यावे. रक्त येत असेल तर स्वच्छ फडके दाबून धरावे.

कोणी म्हणेल, एवढे सगळे करायला पैसे कुठून आणायचे? मी सांगते त्यातल्या पुष्कळ गोष्टींना पैसे लागतच नाहीत. फुटक्या माठाच्या खापरात पाणी ठेवायला काय लागते? साखळी सोडायला काय लागते? एकनाथ महाराजांची गोष्ट आपण सर्वांनी ऐकली आहे. काशीहून कावडीत आणलेले गंगेचे पाणी त्यांनी वाळवंटात तडफडणाऱ्या गाढवाला पाजले. ते गाढव कोणाचे आहे, कामाचे आहे का, असे त्यांनी विचारले नाही. जीव जातो आहे एवढेच पाहिले आणि लगेच पाणी दिले.

म्हणून माझ्या तीन सूचना आहेत. मोठ्या माणसांनी त्या पुढच्या ग्रामसभेत मांडाव्यात.

१) ग्रामपंचायतीच्या आणि शाळेच्या भिंतीवर जनावरांच्या दवाखान्याचा पत्ता, वेळ आणि फोन नंबर रंगवावा. रविवारी व रात्री कुठे जायचे तेही लिहावे. १९६२ हा जनावरांच्या उपचारासाठी फुकट फोन करायचा नंबर आहे. तो मुख्यतः गाईगुरांसाठी आहे, पण कुत्र्या-मांजरासाठी विचारायला काहीच हरकत नाही.

२) २८ सप्टेंबर हा जागतिक रेबीज दिन असतो. त्या दिवशी डॉक्टरांना गावात बोलवून सगळ्या कुत्र्या-मांजरांना लस द्यावी. बेवारस कुत्र्यांनाही द्यावी, कारण ती गावाचीच आहेत.

३) चैत्रापासून मृगाचा पाऊस पडेपर्यंत प्रत्येक आळीत एक पाण्याचे खापर ठेवावे. ते रोज धुऊन भरायचे काम आम्ही चौथीची मुले वाटून घेऊ.

पहिल्या सूचनेला एक डबा रंग आणि एक ब्रश पुरेल. आमच्या वर्गातल्या दोघांचे अक्षर फार सुरेख आहे. मोठ्या माणसांनी फक्त बरोबर नंबर आणून द्यावेत, भिंत आम्ही रंगवू.

एवढे लिहून मी माझा लेख संपवते.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता चौथी