पेरणीचे भात

लॅपटॉपची जागा भरली, की "विंडोजची इन्स्टॉलेशन फाईल पुसून टाक, लागेल तेव्हा पुन्हा उतरवून घे," असा सल्ला हमखास मिळतो. सल्ला देणारा बहुधा शहरातला! विंडोज ११ ची ही फाईल ५ जीबीहून मोठी, आमचे मोबाईलचे नेट दिवसाला दीड जीबी. शहापूर-मुरबाडच्या कित्येक पाड्यांवर रेंजही धड नाही. पुन्हा उतरवणे म्हणजे निदान चार दिवसांची तपश्चर्या!

मित्रहो, म्हणून माझे मत असे, की आधी ८ जीबीच्या पेनड्राईव्हवर तिची प्रत करावी, मगच पुसावे. उन्हाळ्याअखेरी कणगी रिकामी झाली, तरी आमच्याकडे पेरणीचे भात कुणी कांडत नाही.

'विंडोज डॉट ओल्ड' हे फोल्डर मात्र खुशाल जाऊ द्यावे. जुन्या आवृत्तीकडे परतण्यापुरतेच ते असते. एरवी १० दिवसांनी विंडोज आपणच ते काढते. पण विंडोजच्या पोटातल्या 'इन्स्टॉलर' फोल्डरला हात लावू नये. बसवलेले प्रोग्राम दुरुस्त करायला, काढायला त्यातल्याच फायली लागतात.

जागाच हवी, तर व्हॉट्सॲपवरून आलेले लग्नांचे व्हिडिओ आधी पुसा की! तिथे मात्र कुणाचा हात धजत नाही.