पुराचा आकडा विचारतो, मग साथीचा का नाही?

जुलै 2021 मध्ये कृष्णेला पूर आला तेव्हा सांगलीतल्या प्रत्येक वस्तीत एकच प्रश्न होता : आयर्विनला किती फूट झाले? 40 फूट म्हणजे इशारा आणि 45 फूट म्हणजे धोका, हे शाळकरी पोरांनाही पाठ आहे. साताऱ्याकडे कोयनेतून किती क्युसेक पाणी सोडले, याची चौकशी होते. धरण फुटले म्हणून कोणी ओरडले तरी आपण आधी आकडा विचारतो आणि मगच सामान हलवतो. कोरोनाच्या बाबतीत मात्र तोवर दीड वर्ष झाले तरी ही सवय आपल्याला लागलेली नव्हती. त्याची किंमत वस्त्यांनी मोजली आहे.

2 ऑगस्ट 2021 च्या आदेशाने राज्यातल्या बऱ्याच जिल्ह्यांचे निर्बंध सैल झाले. ज्या 11 जिल्ह्यांत ते कायम राहिले त्यांत सातारा आणि सांगली दोन्ही होते. रोजगार बुडाला, त्यात पूर आला, पाटण तालुक्यात आंबेघर आणि मिरगावला दरड कोसळून माणसे गेली. लोक थकले होते. "आता जे व्हायचं ते होऊ दे" हे वाक्य आम्हाला घरोघरी ऐकू येत होते. आमच्या मते तेव्हा कोरोनाइतकेच हे वाक्य धोक्याचे होते.

हा थकवा वाढतो तो उलटसुलट माहितीमुळे. मे 2021 मध्ये एका फ्रेंच नोबेल विजेत्या शास्त्रज्ञाच्या नावावर एक निरोप मोबाईलवर फिरला. लस घेणारा माणूस दोन वर्षांत मरणार, असे त्यात लिहिले होते. हे साफ खोटे होते आणि केंद्र सरकारच्या माहिती कार्यालयानेही ते खोटे असल्याचे जाहीर केले. तरी त्या एका निरोपाने कितीतरी म्हाताऱ्या माणसांना केंद्रावरून माघारी फिरवले. दुसरीकडे आर्सेनिक अल्बमच्या गोळ्या वाटून फोटो काढणारे पुढारीही आपण पाहिले. त्या गोळ्यांनी कोरोना अडतो याला पुरावा नाही.

तथागतांनी केसपुत्तच्या कालामांना काय सांगितले ते आपण जाणतो. ऐकीव आहे, परंपरेने आले आहे, किंवा सांगणारा मोठा आहे, एवढ्यावर काही मानू नका, स्वतः तपासा. मोबाईलवरच्या प्रत्येक निरोपाला म्हणून तीन प्रश्न विचारा. हे कोणी सांगितले? त्याला ते कशावरून कळले? हे खोटे निघाले तर नुकसान कोणाचे? उत्तर मिळत नसेल तर निरोप पुढे पाठवू नका. शंका असेल तर आशाताईंना किंवा आरोग्य केंद्रातल्या सिस्टरना विचारा, नाहीतर 104 वर फोन करा. टीव्हीवरच्या बातम्या दिवसातून एकदा पाहिल्या तरी पुरे. दिवसभर ऐकून माहिती वाढत नाही, धडधड वाढते.

आता घरातले आकडे. पहिला 94. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर यापेक्षा कमी आकडा आला तर थांबू नका, दवाखाना गाठा. गाडी नसेल तर 108. मोजण्याआधी पाच मिनिटे शांत बसा. बोटाला मेंदी किंवा नखाला रंग नको. आकडा ठीक असेल आणि दम लागत नसेल तर घरातच सहा मिनिटे चालून पुन्हा मोजा. तीनपेक्षा जास्त उतरला तर डॉक्टरांना दाखवा. दुसरा आकडा 84. 2021 मध्ये कोव्हिशिल्डचा दुसरा डोस 84 दिवसांनी आणि कोव्हॅक्सिनचा 28 दिवसांनी घ्यायचा होता. आजार होऊन गेला असेल तर बरे झाल्यावर तीन महिन्यांनी लस घ्यायची, असा तेव्हाचा नियम होता. जुलै 2021 पासून गरोदर बायांनाही लस मिळू लागली. 18 वर्षांवरील सर्वांना सरकारी केंद्रावर ती तेव्हा फुकट होती. लसीनंतर एक-दोन दिवस ताप आला तर घाबरू नका. पुरानंतरचा ताप मात्र "पाण्यातला" म्हणून अंगावर काढू नका. तो कोरोना असेल, डेंग्यू असेल किंवा लेप्टो असेल; तपासल्याशिवाय कळत नाही.

लपवल्याने साथ वाढते आणि सांगितल्याने आटोक्यात येते, हे आपल्याच भागाने दाखवले आहे. मार्च 2020 मध्ये इस्लामपुरात सौदी अरेबियातून परतलेल्या एका घरातल्या चौघांना लागण झाली. त्यांच्या संपर्कातली माणसे शोधली, वेगळी ठेवली, तपासली. रुग्णांचा आकडा पंचवीसच्या आसपास जाऊन थांबला. नावे सांगितली गेली म्हणून हे जमले. पण आजारी घराकडे बोट दाखवले, नळावर येऊ दिले नाही, तर पुढचे घर नाव सांगेल का? अंतर ठेवायचे ते विषाणूपासून. विटाळाचे अंतर काय असते ते आपल्या आज्या-पणज्यांनी भोगले आहे. तेच आपण शेजारणीला दाखवणार असू, तर जयभीम म्हणण्याला अर्थ काय?

दहा बाय दहाच्या खोलीत आजाऱ्याला वेगळे ठेवता येत नाही. म्हणून मे 2021 मध्ये सरकारने आपल्या दोन्ही जिल्ह्यांत घरी न ठेवता विलगीकरण केंद्रात ठेवण्याचे धोरण घेतले, ते आम्हाला पटते. पण माणूस केंद्रात एकटा पडला की धीर सोडतो आणि पुढचा रुग्ण ताप लपवतो. त्याला रोज फोन करणारे आणि मागे त्याच्या घरी भाकरी पोचवणारे कोणीतरी ठरलेले हवे.

उमेद टिकते ती अशा ठरलेल्या कामाने. भीतीने माणूस चार दिवस मास्क लावतो, पाचव्या दिवशी कंटाळतो. सातारा जिल्ह्यातल्या नायगावच्या सावित्रीमाईंनी 1897 च्या प्लेगमध्ये डॉ. यशवंतांना बोलावून घेऊन हडपसरजवळ दवाखाना सुरू करायला लावला. मुंढव्याच्या वस्तीतले आजारी पोर पाठीवर घेऊन त्या दवाखान्यात आल्या. त्यातच त्यांना प्लेग झाला आणि 10 मार्चला त्या गेल्या. एवढा त्याग आज कोणी मागत नाही. आज मास्क आहे, लस आहे. आपण कामे वाटून घेऊ. विहाराच्या बाहेरच्या भिंतीवर फळा लावता येतो. एका पोराने त्यावर आजचे लसकेंद्र आणि वेळ लिहावी. एकीने डोसच्या तारखांची यादी ठेवावी. महिला मंडळाने एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांना रोज हाक मारावी. वर्षावासात ग्रंथवाचन घरोघरी चालते. त्यानंतर दहा मिनिटे आरोग्यावर बोलावे. दर आठवड्याला पाळी बदला, म्हणजे एकच माणूस दमत नाही. ज्या घरात माणूस गेला आहे तिथे फक्त बसायला जाणे, हेसुद्धा काम आहे.

प्रशासनाकडेही आपले मागणे आहे. रोजंदारी करणारी बाई सकाळी दहाला रांगेत उभी राहिली तर तिची हजेरी बुडते. लसीकरण वस्तीत आणा, संध्याकाळी ठेवा, आणि उद्या किती डोस येणार ते आदल्या दिवशी सांगा. पुराचा आकडा तासाला कळतो, मग लसीचा कळायला काय हरकत आहे? हे निवेदन प्रत्येक वस्तीने आपल्या सह्यांनिशी नगरपालिकेला किंवा ग्रामपंचायतीला द्यावे, आणि पोच घ्यायला विसरू नये.

जयभीम! नमो बुद्धाय!