पोथींतली अडीच रुपयांची नोट

गेल्या वैशाखांत दहिवलीस घरच्या पोथ्यांना ऊन देत असतां एका जीर्ण वेष्टनांतून टांचणी टोचलेली, चौघडी केलेली नोट निघाली. तीवर किंमत होती दोन रुपये आठ आणे. मुलांना थट्टा वाटली. अडीच रुपयांची नोट कधीं असते काय? होती. पहिल्या महायुद्धांत चांदीचा तुटवडा पडला, लोक रुपये दडवूं लागले, तेव्हां सरकारनें १९१७ च्या नोव्हेंबरांत एक रुपयाची आणि पाठोपाठ ही अडीच रुपयांची नोट काढिली. १९१८ सालीं अमेरिकेनें सुमारें २० कोटी औंस चांदी देऊं केली, तेव्हां कोठें सरकारचा जीव भांड्यांत पडला. १ जानेवारी १९२६ पासून या दोन्ही नोटा काढणें बंद झालें. इतकें अल्प आयुष्य लाभल्यामुळेंच संग्राहक आज हिच्या शोधांत असतात.

येथवर आमचें भाग्य. पुढचें आमचें कर्तृत्व. नोट घडीवर विरली होती, म्हणून आम्हीं ती ओल्या फडक्यानें पुसली, मागून खळीनें पातळ कागद चिकटविला आणि वर इस्त्री फिरविली! मुंबईच्या एका जाणत्या स्नेह्यांना ती मोठ्या ऐटीनें दाखविली. ते बराच वेळ बोलले नाहींत, मग म्हणाले, "मास्तर, टांचणीचीं भोंकें चालतात, त्या काळच्या पुष्कळ नोटांना तीं असतात. ही खळ चालत नाहीं."

नुसती जुनी म्हणून नोट मोलाची होत नाहीं. दुर्मिळपणा आणि अंगचा कोरेपणा पाहतात. १८६१ च्या कायद्यानें बँक ऑफ बॉम्बेचा नोटा काढण्याचा अधिकार गेला. टाउन हॉलचें चित्र असलेली तिची नोट कोणाच्या दप्तरांत निघालीच, तर आमच्यासारखें शहाणपण न करितां आहे तशी ठेवावी. जुन्या सरकारी एकपाठी नोटा कधीं अर्ध्याच सांपडतात. वाटेंत चोरी होऊं नये म्हणून लोक दोन तुकडे निरनिराळ्या टपालानें धाडीत. तो तुकडा केरांत टाकूं नये.

२०१६ सालीं रद्द झालेल्या पांचशें-हजारांच्या नोटा मात्र दहांहून अधिक बाळगणें २०१७ च्या कायद्यानें गुन्हा आहे; अभ्यास वा संग्रह यांसाठीं मर्यादा पंचविसांची. आणि रिझर्व्ह बँकेचें नांव सांगून कोणी जुन्या नोटेस लाखों देऊं करील व आधीं शुल्क मागेल, तर तो ठक समजावा. बँकेनेंच २०२१ सालीं तसा इशारा दिला आहे.

आम्हां तिघां बंधूंत ही नोट कोणाच्या वाट्याची, हा प्रश्न निघणार होता. तो खळीनें मिटविला.